वटाव कोणाच्या खिशातून?

व्यापारी घरातील मूल पाढ्यांच्या आधी ‘वटाव’ हा शब्द शिकते. सात दिवसांत पैसे आले तर इतका वटाव, पंधरा दिवसांत आले तर इतका, महिना उलटला तर काहीच नाही. हे गणित कोणी शिकवत नाही. गादीवर बसता बसता ते अंगवळणी पडते. परंतु आयुष्यभर वटाव देणारा माणूस जेव्हा स्वतः गिऱ्हाईक होऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याची परीक्षा असते. सांगलीच्या गणपती पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याची अशी परीक्षा 2025 च्या डिसेंबरात मोटारीच्या शोरूममध्ये झाली.

घरात आणि पेठेत त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय अडुसष्ट. जुनी गाडी बारा वर्षांची झाली होती. नातवंडांना घेऊन कोल्हापूरला जायचे तर ती वाटेत दम खात असे. 22 सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला, तेव्हा धाकट्या चिरंजीवांनी लगेच गाडी घ्यावी असा आग्रह धरला. अण्णा मात्र दिवाळीची गर्दी ओसरेपर्यंत थांबले. वर्ष संपताना गोदामातील माल जड होतो, हे त्यांना ठाऊक होते. गाडी जानेवारीत विकली गेली तरी तिच्या कागदावर उत्पादनाचे वर्ष जुनेच राहते आणि पुढे ती विकताना घेणारा तेच वर्ष विचारतो. म्हणून डिसेंबरात विक्रेत्याला घाई असते. अर्थात ही सूटही फुकट नसते. गाडी घरी येताच महिन्याभरात कागदोपत्री एक वर्षाने जुनी होते. जो दोन-तीन वर्षांत गाडी बदलतो त्याला हा व्यवहार महाग पडतो. जो दहा-बारा वर्षे वापरतो त्याला परवडतो.

शोरूममधील तरुणाने मोठ्या आदराने पाणी दिले, चहा मागवला आणि कागद पुढे ठेवला. शोरूम किंमत 6,40,000 रुपये, नोंदणीचा कर 11 टक्क्यांनी 70,400, विमा 38,000, हाताळणी खर्च 9,000, ‘आवश्यक साहित्य’ 14,500. एकूण 7,71,900, त्यातून 15,000 सूट. खाली लाल अक्षरांत ‘एकूण लाभ’ म्हणून एक भलामोठा आकडा होता. अण्णांनी चष्मा पुसला आणि अडत्याची पट्टी वाचावी तसा तो कागद ओळीओळीने वाचला.

“बाळा, हा लाभ कसला?”

“काका, त्यात जीएसटी कमी झाला तेही धरलंय.”

“ते सरकारनं दिलंय. तू काय देतोस ते सांग.”

मग अण्णांचे बोट हाताळणी खर्चावर थांबले. मार्केट यार्डात हमाली, तोलाई यांचा हिशोब त्यांनी चाळीस वर्षे केला होता. “पोत्याला हमाली लागते, कारण ते चालत नाही. तुझी गाडी चाकांवर आली. तिला हमाली कसली?” तरुण हसला. कारखान्यातून गाडी आणण्याचा खर्च शोरूम किमतीत आधीच धरलेला असतो, हे त्याने हळू आवाजात मान्य केले आणि ती ओळ खोडली.

अण्णांनी आवाज चढवला नाही, की उठून जाण्याचे नाटक केले नाही. त्यांनी पिशवीतून त्याच कंपनीच्या कोल्हापूर येथील शोरूमचा लेखी भाव काढून समोर ठेवला. भाव पाडून मागणे आणि भाव माहीत करून मागणे यांत अंतर आहे. पहिल्यात समोरच्याचा अपमान होतो. दुसऱ्यात त्याला त्याच्या वरिष्ठांकडे जाण्यासाठी आधार मिळतो. तरुण तो कागद घेऊन आत गेला आणि सूट 22,000 करून आला.

रोखीच्या बाबतीत मात्र अण्णांचा अंदाज चुकला. पूर्ण रक्कम एकदम बँकेतून वळती करतो म्हटल्यावर आणखी वटाव मिळेल, असे त्यांना वाटले होते. पेठेत रोखीच्या गिऱ्हाइकाला पाट मांडतात. येथे उलटे होते. गिऱ्हाइकाने कर्ज घेतले की विक्रेत्याला कर्ज देणाऱ्या संस्थेकडून मोबदला मिळतो. त्यामुळे शोरूमला कर्जवालाच अधिक प्रिय. कर्ज घेणाऱ्याने म्हणूनच हप्त्याची रक्कम न पाहता व्याज घटत्या शिलकीवर आहे की मूळ रकमेवर, हे विचारावे. मूळ रकमेवरील सात टक्के ऐकायला गोड लागतात. पाच वर्षांच्या कर्जात घटत्या शिलकीवर त्यांचे जवळजवळ तेरा टक्के होतात.

जुन्या गाडीचा प्रश्नही असाच सुटला. शोरूमने तिचे 1,20,000 धरले आणि बदलीचा बोनस 15,000 सांगितला. बाहेर तीच गाडी 1,50,000 ला जात होती. अण्णांनी ती बाहेर विकली, घेणाऱ्याच्या नावावर करून दिली आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचा दाखला घेतला. अनेकांना ठाऊक नसते की ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. पाच वर्षे दावा केला नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती 50 टक्क्यांपर्यंत मिळते आणि नव्या गाडीला लावता येते. नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, परंतु तो कोणाकडून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवतो. बाहेरून विमा 26,000 ला झाला. ‘आवश्यक साहित्या’तून पायपोस आणि चिखलरोधक एवढेच 3,500 चे ठेवले. बेरीज 7,17,900 वर आली. पहिल्या कागदापेक्षा 39,000 कमी.

येथवर सारे नेहमीचे होते. अण्णा सही करणार तोच तरुण पुढे झुकला. “काका, अजून दहा हजार कमी होतील. नोकरदारांसाठी कंपनीची वेगळी सूट आहे. घरातल्या कुणाचं ओळखपत्र आहे का?”

चिरंजीवांचे डोळे चमकले. चुलतभाऊ पुण्यात मोठ्या कंपनीत होता. आडनाव एक, नावाचे आद्याक्षरही एक. “अण्णा, मी आत्ता फोटो मागवतो.”

“सूट कोणाला आहे?” अण्णांनी तरुणाला विचारले.

“नोकरीत असलेल्या खरेदीदाराला. पण कोण बघतंय, काका?”

“आणि बघितलं तर? तपासणीत सापडलं, तर कंपनी डेबिट नोट कोणाला पाठवेल?”

“शोरूमला.”

“आणि शोरूम?”

तरुण गप्प झाला. महिनाअखेर होती, त्याचे ठरलेले लक्ष्य पुरे व्हायला दोन गाड्या कमी होत्या. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मागं एकाच्या पगारातून कापले होते.”

अण्णांनी चिरंजीवांचा फोन हलकेच टेबलावर पालथा ठेवला. “कंपनीनं दिला तो वटाव घेतला. शोरूमनं आपल्या नफ्यातून दिला तोही घेतला, कारण तो त्यांनी हिशोब करून दिला. हा मात्र या पोराच्या पगारातून जाईल. तो आपला नाही. आणि जी सूट दिलीस ती बिलावर दाखव, म्हणजे करही तेवढ्याच रकमेवर लागेल.”

परतीच्या वाटेवर चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. दहा हजार ही व्यापाऱ्याच्या घरात लहान रक्कम नसते. तेवढ्यासाठी किती पोती विकावी लागतात हे त्यांना ठाऊक होते. शेवटी ते म्हणाले, “अण्णा, नऊ हजारांच्या हमालीसाठी तुम्ही एवढं भांडलात आणि दहा हजार सोडून दिलेत.”

“नऊ हजार आपले होते,” अण्णा म्हणाले. “म्हणून भांडलो.”

भाव करणे ही लाजेची गोष्ट नाही. जे आपले आहे ते न मागणे हा भिडस्तपणा, आणि आपले नाही ते मागणे हा लोभ. दोहोंमधली रेषा किमतीच्या कागदावर छापलेली नसते. ती सापडण्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो, की हे पैसे येतात कोणाच्या खिशातून.

चार दिवसांनी गाडी घरी आली. त्याच संध्याकाळी दुकानात एका कंपनीच्या स्कीमचा क्लेम पाठवायचा होता. चिरंजीवांनी मुनीमजींकडून फाइल मागून घेतली, बिले पुन्हा एकदा चाळली आणि त्यांतली दोन बाजूला काढून ठेवली. अण्णांनी ते पाहिले. ते काही बोलले नाहीत.