समुद्रानें सोडलेला किल्ला

चिरंजीवांकडे बर्मिंगहॅम येथें राहावयास गेलों असतां आम्ही एके दिवशीं आठ वर्षांच्या नातीस घेऊन वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील हार्लेख या लहानशा गांवीं गेलों. स्टेशनावर उतरतांच वर मान करून पाहावें, तों उभ्या कड्यावर किल्ला! सह्याद्रीचे गड पाहत वाढलेल्या माणसास परदेशचा किल्ला सहसा मोठा वाटत नाहीं. परंतु गांवाकडे जाणारी ती छातीवरची चढण चढतांना आमची ऐट पार जिरली.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें वेल्स जिंकल्यावर तेथील लोकांस धाकांत ठेवण्याकरितां १२८३ मध्यें हा किल्ला बांधावयास घेतला. काम १२८९ पर्यंत चाललें. त्या काळीं समुद्र कड्याच्या पायथ्याशीं होता. १२९४ मध्यें वेल्श लोकांनीं बंड केलें, तेव्हां आयर्लंडहून समुद्रमार्गें रसद आली व किल्ला तगला. पुढें १४०४ मध्यें ओवेन ग्लिन्डूर या वेल्श वीरानें तो घेऊन तेथें आपला दरबार थाटला. परंतु १४०९ मध्यें इंग्रजांनीं तो परत जिंकला.

आज तटावर उभें राहून पश्चिमेस पाहिलें तर समुद्र दिसतो, पण दूर, अर्ध्या मैलापलीकडे. मध्यें वाळूच्या टेकड्या आणि गोल्फचें हिरवेंगार मैदान. ज्याच्या भरंवशावर एडवर्डनें हा किल्ला उभारला, तो सागरच त्यास सोडून गेला!

खालीं चहाच्या दुकानांत आलों. दुकानदारीण आमच्याशीं इंग्रजींत बोलली व लगेच वळून आपल्या मुलीस वेल्शमध्यें कांहीं म्हणाली. नातीनें आम्हांस इंग्रजींत विचारलें, "आजोबा, यांना इंग्रजी येतें ना? मग ही दुसरी भाषा कशाला?"

आम्ही चहाचा पेला उचलला, पण उत्तर सुचेना. हीच शंका चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही स्वतःच्या घरांत काढली होती आणि चिरंजीवांशीं मुद्दाम इंग्रजींत बोललों होतों. एकोणिसाव्या शतकांत वेल्समधील कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडाचा तुकडा अडकवीत. आमच्या घरीं तसला तुकडा नव्हता. आमची शाबासकीच तेवढें काम करी.

वेल्श भाषा जिंकली, असें म्हणण्याची घाई कोणीं करूं नये. २०२१ च्या शिरगणतींत साऱ्या वेल्समध्यें ती येणारे शेंकडा अठराहून कमीच भरले. मात्र हार्लेख ज्या ग्विनेद परगण्यांत आहे, तेथें शेंकडा चौसष्ट. ती टिकली आहे ती तटबंदीनें नव्हे, तर चहाच्या दुकानांतून अशी आईकडून मुलीकडे जाऊन.

निघतांना दारावरील पाटी वाचली. जेत्याच्या या किल्ल्याची निगा आज राखणाऱ्या सरकारी संस्थेचें नांव 'कादू'. हा वेल्श शब्द. अर्थ, जतन करणें. परतीच्या गाडींत नातीस आम्ही तो शब्द सांगितला. तिनें विचारलें, "आणि आपल्या भाषेंत?"

"जपणें," आम्ही म्हणालों. तिनें तो दोनदां म्हणून पाहिला. 'ण' कांहीं नीट उमटला नाहीं. आम्ही पुन्हां सांगितला.