शेषशायीसमोरची शेवटची सकाळ

यात्रेला निघताना काय काळजी घ्यावी हे आपल्याला सर्वजण सांगतात. यात्रेचा अखेरचा दिवस कसा घालवावा हे मात्र क्वचितच कोणी सांगते. नेपाळच्या यात्रेत आम्हाला ते आईने शिकवले.

आई औशाची, वय ७४. नाथ संस्थानाच्या चक्रीभजनाचा नाद कानांत घेऊन वाढलेली, पंढरीची वाट पायांखालची असलेली. सुमारे ३,७०० मीटर उंचीवरच्या मुक्तिनाथाचे आणि काठमांडूत पशुपतिनाथाचे दर्शन झाले होते. अखेरच्या दिवशी बूढानीलकंठ, ३६५ पायऱ्यांचे स्वयंभूनाथ, बौद्धनाथ आणि सायंकाळी बागमतीची आरती असा भरगच्च बेत होता.

सकाळी चप्पल घालताना तिचे दोन्ही घोटे सुजलेले दिसले. “राहू दे, इथे पुन्हा कोण येणार?” ती म्हणाली. या वाक्यापुढे मुले निरुत्तर होतात. तिला थांबवावे, तर तिची अखेरची संधी हिरावल्यासारखे होते. जाऊ द्यावे, तर मन धजत नाही.

बूढानीलकंठाला कुंडाच्या पाण्यात शेषाच्या वेटोळ्यांवर पहुडलेली विष्णूची सुमारे ५ मीटर लांबीची काळ्या पाषाणातील मूर्ती आहे. तिच्यासमोर आई बराच वेळ उभी राहिली. मग कठड्याला टेकून म्हणाली, “आपला विठोबा कधीचा विटेवर उभा आहे, आणि हा बघ कसा निवांत पहुडलाय. मी पण बसते आज.” पुढच्या दोन ठिकाणांचा बेत तिने स्वतःच सोडला. दुपारभर ती निवासावर पाय उशीवर ठेवून पडून राहिली.

आपल्या घरातील ज्येष्ठांना यात्रेला नेत असाल, तर अखेरचा अर्धा दिवस आधीपासूनच मोकळा ठेवा. अनेक दिवसांचा शीण तेव्हा साचलेला असतो आणि परतीचा दीर्घ प्रवास समोर असतो. फार वेळ बसल्याने दोन्ही पावलांवर थोडी सूज येणे सामान्य आहे. परंतु एकाच पायाला सूज, वेदना वा उष्णता जाणवली, किंवा धाप लागून छातीत दुखू लागले, तर त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. तो रक्ताची गुठळी झाल्याचा संकेत असू शकतो. प्रवासात तासा-दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. शौचालयाच्या धास्तीने पाणी टाळू नये. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे. औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. परतल्यावर ताप आल्यास कोठे जाऊन आलात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सायंकाळी आई आरतीला आली. आम्ही तिला घाटावर बसायला जागा करून दिली. समोरच्या तीरावर चिता जळत होत्या, अलीकडे दीप ओवाळले जात होते. तिने दोन्हींकडे शांतपणे पाहिले आणि हात जोडले. “चला आता घरी,” एवढेच म्हणाली.

औशात परतल्यावर शेजारणी भेटीला आल्या. आईने प्रथम सांगितले ते पाण्यात पहुडलेल्या देवाविषयी. न चढलेल्या पायऱ्यांचा विषय तिने काढलाच नाही.