सोळा, सोळा

खडकेश्वरच्या आमच्या घरात रेडिओला दोन कान होते. डावा आवाजाचा, उजवा स्टेशनचा. बुधवारी रात्री आठ वाजता अण्णा उजवा कान अगदी हलक्या हाताने पिळत सिलोन शोधायचे आणि बिनाका गीतमाला सापडली की तळहात वर धरायचे. म्हणजे आता घरात भांड्याचाही आवाज नको. मला मात्र गाण्यांपेक्षा काचेमागच्या त्या काट्याचं वेड होतं. पिळायचं इथे आणि सरकायचा तो तिथे. मधे काय असतं?

ते मला गुलमंडीजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांनी दाखवलं. मागचा पुठ्ठा काढला तर आत एक दोरी होती. कानाच्या दांडीला तिचे वेढे, तिथून ती छोट्या चाकांवरून फिरत गँग कंडेन्सरच्या मोठ्या चाकापर्यंत गेलेली, आणि वाटेत तिलाच अडकवलेला काटा. आमची दोरी सैल झाली होती. काकांनी नवी ओवली आणि स्प्रिंगला ताण दिला. तोवर मी विचारत होते आणि ते सांगत होते. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचं चित्र कंपनीनेच चिकटवलेलं होतं. वस्तू विकत घेतली की ती कशी चालते हेही सोबत मिळतं, अशी माझी समजूत त्या बाकावर बसून झाली. ती मी आजवर सोडलेली नाही.

1993 साली अण्णांनी मुंबईला, लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक स्टिरिओ अॅम्प्लिफायर आणि ट्यूनर आणला. तोपर्यंत आम्ही सिडकोत राहायला आलो होतो. त्या अॅम्प्लिफायरला रिमोट होता, आणि त्याची एक गोष्ट मला आजही जगातली सर्वांत देखणी वाटते. रिमोटवर आवाज वाढवला की समोरचं धातूचं गोल बटण खरोखर फिरायचं. आत एक छोटी मोटर असते, ती बटणाची दांडी फिरवते. न दिसणारा हात येऊन कान पिळतोय असंच वाटायचं. पाहुण्यांना ते दाखवण्याचा मान अण्णांचा. कुणी आवाज फार वाढवू नये म्हणून आईने बटणाशेजारी पॅनलवर आपली एक टिकली चिकटवली होती. बटणावरची रेघ टिकलीपर्यंत आली की पुरे.

2007 च्या उन्हाळ्यात रिमोटमधले सेल फुटले. भारनियमनाचे दिवस होते. दुपारी तासन्‌तास वीज नसायची आणि रिमोट खिडकीत तापत पडलेला असायचा. मी तो उघडला तेव्हा आतली पट्टी हिरवट झाली होती. घासूनपुसून चार बटणं तेवढी जिवंत राहिली. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की ते मॉडेल बंद झालं आहे, नवा रिमोट मिळणार नाही आणि संकेतांची माहिती बाहेर देता येत नाही. हे शेवटचं वाक्य मला लागलं. अॅम्प्लिफायर आमचा, पैसे अण्णांच्या घामाचे, आणि त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचं ते आम्हाला सांगायचं नाही?

तंत्रनिकेतनात शिकवत असल्यामुळे लिनक्स मला परकं नव्हतं. त्यात ‘लर्क’ नावाचा प्रकल्प होता. राल्फ मेट्झलर यांनी 1996 साली सुरू केलेला, पुढे क्रिस्टोफ बार्टेलमस यांनी सांभाळलेला. रिमोटच्या अदृश्य प्रकाशाची भाषा संगणकाला समजावी आणि बोलताही यावी, यासाठी लिहिलेले हे ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणकाचं म्हणणं यंत्राला आणि यंत्राचं संगणकाला कळवणारा. हा दुभाषा उघडा होता. त्याची ओळ न्‌ ओळ कुणालाही वाचता यायची, बदलता यायची, पुढे देता यायची. 2010 साली तो लिनक्सच्या गाभ्यातच गेला.

पैठण गेटच्या बाजूच्या एका सुट्या भागांच्या दुकानातून टीएसओपी 1738 हा रिसीव्हर आणला. सोबत एक रेग्युलेटर, एक डायोड, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. ते सगळं जोडून जुन्या संगणकाच्या सिरियल पोर्टला लावलं. जिवंत असलेल्या चारांतलं एक बटण दाबलं आणि पडद्यावर आकडे वाहू लागले. सगळे 889 आणि 1778 मायक्रोसेकंदांच्या आसपासचे. तिसरी संख्याच नाही. पुस्तकात वाचलेलं आठवलं आणि अंगावर काटा आला: ही आरसी-5. फिलिप्सने बसवलेली आणि युरोपातल्या इतर कित्येक कंपन्यांनी उचललेली भाषा. आमच्या कंपनीने झाकून ठेवलेलं गुपित म्हणजे अनेकांच्या तोंडी असलेली बोली होती.

ही बोली फार सुटसुटीत आहे. एका हुकमात चौदा बिट. पहिले दोन नुसते लक्ष वेधायला. तिसऱ्याचं पुढे सांगते. मग पाच बिट कुणाला सांगायचं त्याचे आणि सहा बिट काय सांगायचं त्याचे. अॅम्प्लिफायरचा क्रमांक 16, ट्यूनरचा 17, सीडीचा 20. आवाज वाढवण्याचा हुकूम 16, कमी करण्याचा 17, गप्प करण्याचा 13. म्हणजे आवाज वाढवायचा तर ‘सोळा, सोळा’. हे सगळं 25 मिलिसेकंदांत सांगून होतं. चार बटणांवरून भाषा ओळखता आली आणि मेलेली बटणं मी आकड्यांवरून उठवली.

लर्कच्या फाइलींच्या डोक्यावर काही ठरलेल्या ओळी असत: ही फाइल कुणी दिली, रिमोटची कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, त्यावर कोणतं यंत्र चालतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपापल्या घरातले रिमोट असे टिपून ठेवलेले. ते वाचताना मला गुलमंडीच्या काकांची वही आठवायची. तिच्यात प्रत्येक सेटचा आजार आणि उपाय असायचा, आणि मागितली तर ते ती दुसऱ्या दुकानदारालाही द्यायचे. मी आमची फाइल पूर्ण केली, पहिल्या ओळीत माझं नाव घातलं आणि पाठवून दिली.

2014 साली अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, शब्द अडखळू लागले. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांना रेडिओ हवा होता आणि तो स्वतः लावायचा होता. मी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक आणला. ट्रान्झिस्टर लावून इन्फ्रारेड एलईडी अॅम्प्लिफायरसमोर बसवला. जुन्या कीबोर्डची चार मोठी बटणं मोकळी ठेवली आणि त्यांवर रंगीत कागद चिकटवले: चालू, वाढव, कमी, गप्प. एलईडी पेटतो की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपका दिसतो. अण्णा डाव्या हाताने बटण दाबायचे, तो ठिपका दिसला की समोरच्या धातूच्या बटणाकडे टक लावून बसायचे. ते फिरलं की हसायचे.

एक अडचण राहिली होती. ‘गप्प’ एकदा चालायचं, दुसऱ्यांदा दाबलं की काहीच नाही. अण्णा पुन्हा पुन्हा दाबत आणि आपला हातच चुकतोय असं समजून रडवेले होत. मला दोन रात्री लागल्या. चूक त्या तिसऱ्या बिटात होती. बोट उचलून बटण नव्याने दाबलं की तो बिट उलटायला हवा. उलटला नाही तर अॅम्प्लिफायर समजतो की आधीचंच बोट अजून बटणावर आहे. माझ्या फाइलीत त्या बिटासाठीची ओळच नव्हती. ती घातली. सकाळी अण्णांनी गप्प दाबलं, परत दाबलं, परत दाबलं. “आता ऐकायलंय,” म्हणाले. ती ओळ घातलेली फाइल मी त्याच दिवशी पुन्हा पाठवली. आणखी कुणाच्या घरी असा हात असू शकतो.

दुसरी अडचण त्या भाषेतलीच होती. आरसी-5 मध्ये सांगता येतं, विचारता येत नाही. बटण आत्ता कुठे आहे हे संगणकाला कधीच कळत नाही. पुढे आलेल्या, सिरियल केबलने किंवा नेटवर्कने जोडायच्या अॅम्प्लिफायरांना ते विचारता येतं. आमच्याला नाही. म्हणून रेडिओच्या पहाटेच्या सभेसाठी मी असा क्रम लिहिला: आधी बटण पार खाली, शून्यापर्यंत न्यायचं आणि तिथून मोजून 37 वेळा सोळा-सोळा म्हणायचं. सदतिसाव्याला रेघ बरोबर टिकलीशी. पहाटे आकाशवाणीची ती धून, वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली, आधी अगदी पुसट यायची आणि बटणाबरोबर हळूहळू खोलीत भरायची. अण्णा तेव्हा जागेच असायचे.

2019 साली ते गेले. तो क्रम मी बंद केला नाही आणि आईनेही तसं सांगितलं नाही. ती स्वयंपाकघरात चहा टाकते तेव्हा बाहेरच्या खोलीत बटण खाली जातं आणि वर येतं.

गेल्या दिवाळीनंतर एकदा मी राहायला गेले होते. आई म्हणाली, “रेडिओ बारीक वाजायलाय गं हल्ली.” मी अॅम्प्लिफायर तपासला, ठीक होता. कान तिचे मंद झाले होते. ते तिला सांगायला मी शब्द शोधत होते, तेवढ्यात तिनेच नखाने ती टिकली काढली, कपाळावरची ताजी टिकली उतरवली आणि पॅनलवर थोडी पुढे, उजवीकडे दाबून बसवली. “इथपर्यंत कर.”

मी क्रम उघडला आणि 37 चे 44 केले.