उलटी प्रदक्षिणा

रात्री अकरा वाजता घराबाहेर पडायचे, तर आमच्या कोल्हापुरात दोनच कारणे संभवतात : एक दवाखाना आणि दुसरे तमाशा. म्हणूनच "मामा, मामी, आवरा, अकराला निघायचंय," असे भाच्याने फर्मावले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच तिला फडावर घेऊन निघालो होतो!

गाव होते अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनॉस आयर्स. भाचा तिथे संगणकाच्या कामावर. त्याच्या आग्रहाने आम्ही उभयता मे महिन्याच्या सुटीत महिनाभरासाठी गेलो होतो. इकडे रंकाळ्याकाठचा रस्ता उन्हाने तापलेला, तर तिकडे पानगळ चाललेली. घड्याळ साडेआठ तासांनी मागे. जिथे ऋतूच उलटे, तिथे माणसांच्या झोपेच्या वेळा सुलट कशा असणार?

टँगोची पहिली भेट मात्र भर दुपारी झाली. बोका नावाच्या बंदराकाठच्या वस्तीत पत्र्याची रंगीबेरंगी घरे आहेत. तिथल्या कामिनीतो या गल्लीत एक जोडपे प्रवाशांसाठी नाचत होते. बाईने एक पाय पुरुषाच्या मांडीवर टाकला. सौभाग्यवतीने मान वळवली. मीही वळवली; पण जरा उशिरा. भाचा हसून म्हणाला, "मामा, हा फोटोपुरता. खरा टँगो रात्री. आणि तो बघायचा नसतो, करायचा असतो."

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटली-स्पेनमधून पोटासाठी निघालेली हजारो माणसे या बंदरात उतरली आणि एका खोलीत एक बिऱ्हाड अशा चाळींतून राहिली. त्यांची गाणी आणि तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा ठेका यांच्या मिश्रणातून ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर टँगो घडला. जर्मनीहून आलेले बांदोनिऑन नावाचे भात्याचे वाद्य त्यात येऊन मिसळले. गोविंदराव टेंब्यांच्या करवीरातल्या माणसाला त्याचे नवल वाटू नये. आमची पेटीही युरोपातूनच आली आणि नाटकमंडळ्यांत बसून पुरती मराठी झाली. प्रतिष्ठित घरे टँगोला नाके मुरडीत. पण १९१३ च्या सुमारास पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले, तेव्हा इथल्या दिवाणखान्यांनाही तो चालू लागला. २००९ साली तर युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन देशांचा वारसा म्हणून त्याची नोंद केली. लावणीची कहाणी ठाऊक असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की लावणीपुढे आम्ही पांढरपेशे अजूनही बघायलाच बसतो.

भाच्याने आम्हांला शिकवणी लावली. मी प्राध्यापक, मी वहीत पावले लिहून घेतली. एक, दोन, तीन, वळण. मास्तरीणबाई मात्र पुनःपुन्हा एकच सांगत : चाला. टँगो म्हणजे दोघांनी मिळून चालणे. समोरच्याचा तोल ओळखा, पाय आपोआप उचलतील. माझा पाय उचले तो नेमका तिच्या पायावर पडण्यासाठी. सौभाग्यवतीने सलवार-कमीज घातली होती. दुसऱ्याच दिवशी ती सहज पुढेमागे होऊ लागली आणि मला म्हणाली, "अहो, ही तर फुगडीच की! तिथं मागं तोल द्यायचा, इथं पुढं. समोरची सोडणार नाही एवढा भरवसा हवा." शिवाजी पेठेतल्या गौरी-गणपतीत माझी बायको फुगडीला कुणाला हार जात नसे, हे मी ऐकून होतो. पाहिले मात्र कधी नव्हते. तो बायकांचा कार्यक्रम!

तर त्या रात्री आम्ही मिलोंगाला गेलो. मिलोंगा म्हणजे टँगोची बैठक. जुन्या वळणाच्या त्या हॉलमध्ये बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, अगदी आपल्याकडच्या सत्यनारायणासारखे. "तुम्ही जोडीने बसलात, तर मामीला कुणी बोलावणार नाही," असे म्हणून भाच्याने आमची ताटातूट केली. मधल्या जागेत जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होत्या. अंबाबाईला उजवी घालणाऱ्या मला ती उलटी प्रदक्षिणा पाहून क्षणभर चुकल्यासारखे झाले.

बोलावण्याची रीत तर त्याहून न्यारी. कुणी कुणापाशी जात नाही. पुरुष लांबूनच बाईकडे पाहतो. तिची नजर मिळाली, तर हळूच मान हलवतो. तिनेही हलवली, की दोघे उठतात. तिने नजर वळवली, की प्रश्न मिटला. शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. कोल्हापुरात परस्त्रीकडे असे टक लावून पाहिले असते, तर पुढचा कार्यक्रम तालमीतल्या मंडळींनी पार पाडला असता!

तेवढ्यात सत्तरीच्या एका कोटवाल्या गृहस्थांनी समोर मान हलवली. आणि माझ्या बायकोने, माझ्याकडे न पाहता, होकार दिला. वर्गात मी स्त्रीस्वातंत्र्यावर पाऊण तास बोलू शकतो. त्या घटकेला घसा कोरडा पडला. तीन-चार गाण्यांचा एक फेर असतो. तो संपेपर्यंत जोडी मोडायची नाही. मी चारही गाणी मोजली. तिसऱ्या गाण्याला तिने डोळे मिटले होते. कुणाचा डबा नाही, कुणाचे औषध नाही, गॅस बंद केला का ही शंका नाही. एकवीस वर्षांच्या संसारात तिचा असा निवांत चेहरा मी पाहिला नव्हता.

पुढच्या फेरात माझ्यावरही एका बाईंना दया आली. पहिले गाणे संपल्यावर मी सभ्यपणे, येत होता तो एकमेव स्पॅनिश शब्द उच्चारला : "ग्रासियास", म्हणजे आभारी आहे. बाई हसल्या आणि सरळ जागेवर जाऊन बसल्या! फेराच्या मध्येच आभार मानले, तर त्याचा अर्थ 'आता पुरे' असा होतो, हे मला नंतर कळले.

हात हालवीत परतलो आणि समोर पाहिले. ती एकटी बसली होती. मला एकदम आमचा बघण्याचा कार्यक्रम आठवला. मी पोहे खाल्ले होते आणि घरी जाऊन होकार कळवला होता. तिला कुणी विचारले होते का, हे मला आजही ठाऊक नाही. मी तर नक्कीच विचारले नव्हते. चारचौघांत तिचा हात धरला तो दोनदाच : एकदा भटजींनी सांगितले म्हणून आणि एकदा जोतिबाच्या यात्रेतल्या गर्दीत.

मी तिच्याकडे पाहिले. तिने पाहिले. मी मान हलवली. ती लगेच उठली नाही. खरोखरच विचार केला तिने, आणि तेवढ्या वेळात, एकवीस वर्षांनी का होईना, मला उमेदवाराची धाकधूक कळली. मग तिने मान हलवली. त्या फेरात मी तिच्या पायावर तीनदा पाय दिला. पण आभार मानले ते चौथे गाणे संपल्यावरच.

आता आम्ही कोल्हापुरात आहोत. टँगो काही पेठेत आणता येत नाही, आणायचाही नाही. परवा संध्याकाळी मात्र मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मान हलवली. तिने नजर वळवली. तव्यावर भाकरी होती. नकार असा, की भिंतींनाही कळू नये. मी निमूटपणे जाऊन पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने मान वर केली, तर ती पदराला हात पुशीत दारात उभी होती, आणि या खेपेला मान तिने हलवली.