किलोने विकलेली पेटी

आमचे वडील सुतारकाम करीत. जातीने ते सुतार नव्हते. एका मिस्त्रीच्या हाताखाली राबून शिकले. त्यांच्या रंध्यावर आणि पटाशीवर आमचे बी. कॉम. झाले. ते गेल्यावर २००९ साली आम्ही खोली बदलली. तेव्हा माळ्यावरची त्यांची हत्यारांची पेटी भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकली. कारकुनाच्या घरात करवत काय कामाची, असे वाटले.

२०१८ साली आमच्या भाच्याने आयटीआयमध्ये सुतारकामाला प्रवेश घेतला. “मामा, आजोबांची हत्यारे कुठे आहेत?” त्याने सहज विचारले. आमची मान खाली गेली.

मग एका रविवारी आम्ही दोघे पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. कुलपे, नटबोल्ट, मोडके पंखे यांच्या ढिगातच हत्यारे पडलेली. आम्ही नवा रंग दिलेला एक रंधा उचलला. भाच्याने तो खाली ठेवला आणि शेजारचा गंजका लोखंडी रंधा घेतला. पुसल्यावर ‘रेकॉर्ड’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ अशी अक्षरे दिसली. पोलादासाठी नावाजलेल्या शेफिल्ड शहरातला तो माल.

“नावावर जायचे नाही मामा,” भाचा म्हणाला. त्याने रंध्याच्या तळाला पट्टी लावून उजेडाकडे धरली. मध्ये फट दिसली तर तळ वाकडा. मग तोंडाजवळ चीर आहे का पाहिले. बीडाला चीर गेली की रंधा गेला. पाते काढून, झिजायला किती शिल्लक आहे ते बघितले. वरवरचा गंज रॉकेल लावून घासला की निघतो. पटाशीचा दांडा फुटका असला तरी चालतो, नवा बसवता येतो. पण तिच्या सपाट पाठीला धारेजवळ खड्डे असले तर ती घेऊ नये. दोन्ही बाजू नीट मिळाल्याशिवाय धार सलग होत नाही.

जन्मभर हिशेब तपासणारे आम्ही, तिथे नुसते पिशवी धरून उभे होतो. वडील आम्हाला हत्याराला हात लावू देत नसत. “तू पेन धर,” म्हणायचे. ते बरोबरच होते. पण पेन धरणाऱ्याने रंध्याला भंगार समजावे, असे त्यांनी कधी शिकवले नव्हते.

घासाघीस करून रंधा साडेचारशेला मिळाला. अख्ख्या पेटीचे आम्हाला एवढे आले नव्हते.

आमच्या विहारातले पुस्तकांचे कपाट वडिलांच्या हातचे. पावसाळ्यात त्याचे दार फुगून अडायचे. भाच्याने पाते दगडावर धार लावून बसवले आणि पहिला हात त्याच दारावर चालवला. कागदासारख्या पातळ साली निघाल्या, सागाचा वास सुटला आणि दार अलगद मिटले. आम्ही खाली पडलेल्या साली गोळा करीत राहिलो.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी, वस्तीतल्या एखाद्या शिकत्या पोराला ती उघडून दाखवा.