महिन्याचा वायदा

'महिनाभराने देतो' असे माणूस किती सहज बोलून जातो! पण महिना म्हणजे नेमका केवढा? महडच्या वरदविनायकाला संकष्टीला जाणारी आमच्या खालापूरची मंडळी तीस-एकतिसाच्या भानगडीत पडत नाहीत. चंद्रोदयाला चतुर्थी असली की झाले. त्या हिशेबात वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात, म्हणून १९ वर्षांत ७ महिने अधिक धरायचे. २००४ साली श्रावण अधिक होता, तो पुन्हा २०२३ साली झाला. अधिक श्रावणात जन्मलेल्या पोराने वाढदिवसासाठी १९ वर्षे थांबावे काय? छे! आयांनी तो केव्हाच निजश्रावणात उरकलेला असतो.

यंत्राला हा समजूतदारपणा कुठला? आमच्या शेजारच्या आजींनी शेळ्यांसाठी एका पतपेढीतून कर्ज काढले, तेही नेमके ३१ जानेवारीला. हप्ता दरमहा. संगणकाने पुढची तारीख दिली २८ फेब्रुवारी. ते ठीक. पण त्यापुढची दिली २८ मार्च, मग २८ एप्रिल! मुलाचा पगार महिन्याच्या अखेरच्या दिवशी. झाले, दर खेपेस दंड. दंडाच्या पैशात शेळ्यांचा पेंडीचा खर्च निघाला असता.

माझी भाची प्रोग्रॅम लिहिते. कागद पाहताच ती म्हणाली, "मामा, हे मागच्या हप्त्यापासून मोजतंय. मोजायचं मूळ तारखेपासून. एकतीस जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले तर एकतीस मार्च येतो. एकेक करून मिळवले तर अठ्ठावीस." बेरजेचा असला लहरीपणा मी शाळेत पाहिला नव्हता! जावास्क्रिप्ट तर म्हणे ३१ फेब्रुवारी मिळेना म्हणून जादा दिवस पुढे ढकलून थेट ३ मार्चवर जाऊन बसते.

तिने अर्ज लिहून दिला, आणि आजींचा दंड परत आला.

गंमत म्हणजे हुंडी-वचनचिठ्ठीपुरता हा तंटा १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याने मिटवलेला आहे. ज्या महिन्यात ती तारीखच नाही, तिथे मुदत त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी संपते. कलम २३. उदाहरणही दिले आहे: २९ जानेवारी १८७८ ची एक महिन्याची हुंडी, मुदत २८ फेब्रुवारीला पुरी, वर सवलतीचे तीन दिवस.

पण कर्जच २८ फेब्रुवारीला दिले तर? पुढचा हप्ता २८ मार्चला, की महिनाअखेर म्हणून ३१ ला? भाची म्हणते, ते यंत्राला विचारून उपयोग नाही. घेणाऱ्याला विचारायचे आणि कागदावर लिहून ठेवायचे.