सुरतेहून दांडीस पायी

वसई-पालघरकडील वाचकांना सुरत म्हणजे काही परमुलूख नव्हे. वैतरणेचा पूल ओलांडला, डहाणू-उंबरगाव मागे पडले की डब्यात गुजराती ऐकू येऊ लागते आणि पाहता पाहता तापीचे शहर येते. मुंबईहून अंतर सुमारे 265 किलोमीटर. लग्नाचा बस्ता बांधावयास किंवा कामधंद्याच्या शोधात आपल्यापैकी पुष्कळजण तेथे जातात; परंतु केवळ पायी चालावे म्हणून सुरतेस उतरणारा विरळाच. हा मार्ग दोन नद्या ओलांडीत, उसाच्या शेतांतून व खाऱ्या माळांवरून समुद्रापर्यंत जातो. तीन दिवसांची सवड आणि पायांत साधी मजबूत पादत्राणे असली की पुरे.

आरंभ तापीकाठच्या किल्ल्यापासून करावा. गुजरातच्या सुलतानाच्या काळात खुदावंदखानाने तो बांधविला व 1546 च्या सुमारास तो पुरा झाला. 1530 साली पोर्तुगीजांनी सुरत व पलीकडचे रांदेर जाळले होते. त्यांच्यापासून संरक्षण व्हावे म्हणून हे दगडी बुरूज उभे राहिले. ज्यांनी 1534 साली वसई घेतली तेच हे पोर्तुगीज. वसईच्या किल्ल्याच्या भिंतीआड लहानाचा मोठा झालेला मनुष्य येथे उभा राहिला, म्हणजे आपण त्याच इतिहासाच्या दुसऱ्या अंगणात आलो असे त्यास वाटल्यावाचून राहात नाही.

मराठी माणसाला सुरत म्हटले की शिवाजी महाराजांच्या 1664 व 1670 च्या स्वाऱ्या आठवतात. शाळेत आपण ती कथा शौर्याची म्हणून ऐकली. सुरतेच्या बाजूने पाहिले तर ती जळालेल्या घरांचीही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तेथे चालताना त्या दोन्ही मनात बाळगाव्या. याच धामधुमीतली एक हकिकत आपल्या वाचकांस विशेष वाटेल. कापुचिन संघाचे फादर आंब्रोज त्या वेळी सुरतेत राहात असत. हे पाद्री भले लोक आहेत, त्यांस उपद्रव देऊ नये, असे महाराजांनी सांगितल्याचे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेविले आहे. त्याचप्रमाणे डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही, तो दानधर्म करणारा होता म्हणून, वाचले. अवघ्या शहरावर आग पसरत असता दोन घरांची ओळख त्यांतील माणसांच्या वागणुकीवरून पटावी, हे मला मोठे नवल वाटते.

शहर सोडण्यापूर्वी इंग्रजांची व डचांची जुनी दफनभूमी पाहावी. क्रूस व साधे दगड पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना येथील घुमट व मजले विचित्र वाटतात. ऑक्झेंडन बंधूंची कबर तर एखाद्या सुलतानाची शोभावी अशी. जिवंतपणी तराजू धरणारी ही माणसे मेल्यावर बादशहा झाली! त्या मानाने डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याची कबर पाहताना मन अधिक रमते. 1691 साली तो वारला. मलबारच्या वनस्पतींवर त्याने सिद्ध केलेला बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्या कामी एका कार्मेलाइट धर्मगुरूंची मदत झाली होती, आणि तीन कोंकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत त्या ग्रंथात आली आहे.

आता खरी वाट. 12 मार्च 1930 रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी 1 एप्रिलला सुरतेस पोहोचले, दुसऱ्या दिवशी येथून निघाले आणि दिंडोली, वांझ, धामण, नवसारी, कराडी करीत 5 एप्रिलला दांडीस गेले. आपणही त्याच क्रमाने जावे. 2005 साली, यात्रेच्या पंचाहत्तरीला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी हा मार्ग वारसामार्ग म्हणून जाहीर केला. मात्र महामार्ग झाला म्हणजे पायवाट सुधारते असे नव्हे. ट्रकांच्या धुरळ्यातून चालण्यात पुण्य कमी आणि खोकला फार. म्हणून जेथे गावाच्या आतून रस्ता असेल तेथे तोच धरावा.

दिंडोली आज खेडे राहिलेली नाही, सुरत शहराने तिला पोटात घेतले आहे. तरी मराठी वाटसरूने तेथे अंमळ थांबावे. यंत्रमागांवर व इतर कामांवर पोट भरण्यास आलेली खानदेशची हजारो कुटुंबे या भागात वसली आहेत. दुकानात, नळावर अहिराणी कानी पडते. तापी खानदेशातून वाहात येते, तिच्या मागोमाग तिची माणसेही आली.

पुढे घरे विरळ होतात. उसाची शेते, आंब्या-चिकूच्या बागा, बांधावर खजुरीची झाडे. हिवाळ्यात आलात तर कोवळ्या ज्वारीचा हुरडा, ज्याला तिकडे पोंख म्हणतात, शेव व लिंबू घालून खावयास मिळतो. मिंढोळा नदी ओलांडावी लागते, नंतर डांगच्या डोंगरांतून येणारी पूर्णा, आणि तिच्या तीरावरची नवसारी. जमशेटजी टाटांचा जन्म 1839 साली येथला. आणि गांधीजी आले तेव्हा हे गाव इंग्रजांचे नव्हे, बडोद्याच्या गायकवाडांचे होते.

या वाटेवर चालताना मोठ्या नावांपेक्षा मागून चालणाऱ्यांची आठवण मला अधिक येते. तासगावचे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे यात्रेतले भजनगायक. निघण्यापूर्वी थोडेच दिवस, आश्रमात देवीची साथ आली असता, त्यांचा लहान मुलगा वारला होता. तरी तो बाप रोज पहाटे व सायंकाळी इतरांना प्रार्थना सांगत चालला. ज्या घरातून मूल गेले आहे त्या घरालाच याचा अर्थ कळेल. 1938 साली हरिपुरा काँग्रेसच्या वेळी त्यांचे निधन झाले. तेही गाव तापीकाठचेच, सुरत जिल्ह्यातले. निवडलेल्या अठ्ठ्याहत्तर जणांत केरळचा एक ख्रिस्ती तरुणही होता, मारामोनचा टायटस. आश्रमातील गोशाळेचे काम तो पाहात असे.

आणखी एक अनामिक माणूस सांगावयास हवा. ज्यांना चौथा दिवस काढता येईल त्यांनी तापीच्या उत्तरेकडील भाटगामपासूनच चालावे. तेथे 29 मार्चला गांधीजींनी आपल्याच माणसांना खडसाविले. सुरतेहून मोटारीने दूध आणविले होते आणि रात्रीच्या वाटचालीत एक मजूर डोक्यावर जड बत्ती घेऊन, ‘लवकर चल’ असे ऐकत धावत होता. ते दृश्य त्यांना सहन झाले नाही. गरिबाच्या मिठासाठी निघालेल्या यात्रेत गरिबाच्याच डोक्यावर दिवा! त्या मजुराचे नाव कोणी लिहून ठेविलेले नाही.

नवसारीच्या पश्चिमेस जमीन बदलते. झाडे खुजी होतात, वेडी बाभूळ पसरते, माती पांढुरकी व खारट होते. आपल्या खाजणांची व मिठागरांची ज्यांना ओळख आहे त्यांना हा प्रदेश वेगळा सांगावयास नको. भरतीचे पाणी खळग्यांत साचते, चैत्राच्या उन्हात आटते आणि मागे मीठ राहते. तेच उचलणे हा सरकारी मक्तेदारीमुळे गुन्हा होता. एवढे साधे ते प्रकरण होते, म्हणून खेड्यातल्या बायकांनाही ते उपदेशावाचून समजले.

दांडीस 6 एप्रिलला सकाळी गांधीजींनी चिखलातून मिठाचा खडा उचलला. ज्या सैफी व्हिलात ते उतरले ती वास्तू दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंची. 1961 साली ती राष्ट्रास अर्पण झाली. 2019 च्या जानेवारीत येथे राष्ट्रीय स्मारक उघडले. यात्रेकरूंचे पुतळे आणि प्रवास सांगणारी 24 शिल्पचित्रे तेथे आहेत. मुलांना घेऊन जावे. पुतळ्यांच्या रांगेतून खरे आणि टायटस शोधावयास सांगावे.

परतताना कराडीस पुन्हा थांबावे. येथे खजुरीच्या झावळ्यांच्या झोपडीत गांधीजी राहात होते, आणि 5 मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना येथूनच पकडून नेले. कराडीहून नवसारी जवळ आहे, आणि तेथे मुंबईकडील गाड्या मिळतात.